सरासरीआड दडलेला देश

गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या रविवारच्या अभ्यासवर्गात बारावीच्या एका विद्यार्थ्याने वर्तमानपत्राचे कात्रण आणले होते. जगातील मोठ्या अर्थव्यवस्थांच्या यादीत आपला देश अगदी वरच्या काही देशांत जाऊन बसला आहे, असे त्यात म्हटले होते. कात्रण टेबलावर ठेवून त्याने विचारले, "सर, हे खरे असेल तर आमच्या वस्तीत नळाला एक दिवसाआड पाणी का?" वर्गात हशा पिकला. आम्हाला मात्र त्या दिवशी धड उत्तर देता आले नाही. कात्रण खोटे नव्हते आणि विद्यार्थ्याचा नळही खोटा नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, याचा थोडा अभ्यास आम्ही त्यानंतर केला. तोच या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासद आणि विद्यार्थी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

घरच्याच उदाहरणापासून सुरुवात करू. समजा, मंडळाच्या वाचनालय निधीला ५० सभासदांनी देणगी दिली. त्यांपैकी ४९ जणांनी प्रत्येकी २०० रुपये दिले आणि मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या एका सभासदाने ४०,२०० रुपये दिले. एकूण निधी झाला ५०,००० रुपये. अहवालात लिहिता येईल की मंडळाच्या सभासदाने सरासरी १,००० रुपये दिले. हिशेबतपासनीस त्यावर बिनदिक्कत सही करील. पण १,००० रुपये देणारा सभासद यादीत शोधू गेलो तर एकही सापडणार नाही. ५० जणांना देणगीच्या क्रमाने उभे करून मधल्या माणसाकडे बोट दाखवले, तर तो २०० रुपयेवाला निघेल. शाळेच्या पुस्तकात याला मध्यक म्हणतात. दहावीला आपण तो परीक्षेपुरता शिकतो आणि पुढे विसरतो. देशाची स्थिती समजून घ्यायची तर तो विसरून चालणार नाही.

देशाचे दरडोई उत्पन्न याच रीतीने निघते. एकूण उत्पन्न भागिले एकूण माणसे. आपल्याकडे हा भागाकार गंभीरपणे प्रथम केला तो मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी. १८६७-६८ सालच्या हिशेबाने त्यांनी हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले आणि ते तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी ताडून पाहिले. परक्या सरकारला जाब विचारण्यासाठी त्या काळी ही सरासरी फार उपयोगी पडली. भांडण दोन देशांमधले होते, म्हणून देशाचा एकच आकडा पुरेसा होता. स्वातंत्र्यानंतर प्रश्न बदलला. आता जाब आपल्याच घरात विचारायचा होता, आणि घरातल्या कोणाच्या ताटात किती पडते हे सरासरी सांगत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हाच इशारा दिला होता. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात आपण समान होऊ, परंतु सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील, आणि ही विसंगती फार काळ टिकवली तर लोकशाहीलाच धोका आहे, असा त्या प्रतिपादनाचा आशय होता. जयंतीच्या सभांतून या भाषणाचा उल्लेख आपण सर्वांनी ऐकला आहे. पण बाबासाहेब मूळचे अर्थशास्त्रज्ञ होते हे लक्षात ठेवून तो इशारा वाचला, तर त्यात हिशेबाची एक पद्धतही दिसते. मतपेटीपुढे प्रत्येक माणसाचे वजन एक असते. सरासरी काढतानाही प्रत्येक माणूस एकच धरला जातो. भाकरीच्या टोपलीपुढे मात्र तसे होत नाही.

रेषा कोणी आखली?

गरीब कोण, हे ठरवण्यासाठी दारिद्र्यरेषा आखावी लागते. या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक देणारे अन्न मिळण्याइतका खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब, अशी त्यांची कसोटी होती. १९७९ साली नियोजन आयोगाच्या अभ्यासगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरी भागासाठी २,१०० उष्मांक ठरवले. पुढे सुरेश तेंडुलकर समितीने २००९ साली केवळ पोटाचा हिशेब सोडून शिक्षण आणि औषधपाणीही त्यात घेतले. त्या पद्धतीने २०११-१२ सालासाठी रेषा पडली ती माणशी महिना ग्रामीण भागात ८१६ रुपये आणि शहरात १,००० रुपये. म्हणजे खेड्यात दिवसाला २७ रुपयांच्या वर खर्च करणारा माणूस गरीब नव्हे. त्या हिशेबाने देशात शंभरात सुमारे २२ माणसे गरीब ठरली.

यावर खूप गदारोळ झाला. मग रंगराजन समितीने २०१४ साली वेगळ्या पद्धतीने त्याच वर्षाची रेषा ग्रामीण भागात ९७२ आणि शहरात १,४०७ रुपयांवर नेली. गरिबांचे प्रमाण शंभरात २९.५ झाले. रेषा थोडी वर सरकताच नऊ कोटींहून अधिक माणसे नव्याने गरीब ठरली. त्या माणसांच्या घरात त्या दिवशी काहीही बदललेले नव्हते. विद्यार्थ्यांनी हे उदाहरण वहीत टिपून ठेवावे. 'गरिबी इतक्या टक्क्यांवर आली' असे वाक्य कानी पडले की पहिला प्रश्न विचारावा, रेषा कुठे होती?

अलीकडे रुपयांच्या रेषेऐवजी नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक वापरला जातो. घरातील पोषण, बालमृत्यू, शाळेची वर्षे, शौचालय, पिण्याचे पाणी, वीज, स्वयंपाकाचे इंधन, घराची बांधणी, बँकेतील खाते अशा १२ बाबी त्यात पाहतात. या मापाने २०१५-१६ साली देशात शंभरात सुमारे २५ माणसे वंचित होती, २०१९-२१ मध्ये ती १५ वर आली. ही घट खरी आहे आणि ती मानली पाहिजे. १९५१ साली देशात शंभरात जेमतेम १८ माणसांना वाचता येत होते, २०११ साली ७३ जणांना. काहीच बदलले नाही असे म्हणणारी भाषणे आम्हाला पटत नाहीत. तसे म्हणणे म्हणजे दिव्याखाली अभ्यास करून शिकलेल्या आपल्याच आईवडिलांच्या कष्टांवर बोळा फिरवणे होय.

सरासरीचा माणूस कुठे राहतो?

आता ताटाजवळ जाऊ. सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२२-२३ साली घरोघरी खर्चाची पाहणी केली. खेड्यातील माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च निघाला ३,७७३ रुपये आणि शहरातील माणसाचा ६,४५९ रुपये. खेड्यातील पाच माणसांच्या घराला महिना सुमारे १९ हजार रुपये, असा याचा अर्थ. वाचून बरे वाटते.

परंतु याच पाहणीत माणसांना खर्चाच्या क्रमाने उभे करून त्यांचे गट पाडले आहेत. खेड्यातील सर्वांत खालच्या पाच टक्के लोकांचा खर्च माणशी १,३७३ रुपये आहे, म्हणजे दिवसाला सुमारे ४६ रुपये. त्यात धान्य, तेलमीठ, रॉकेल-लाकूड, कपडा, एसटीचे भाडे, डॉक्टरची फी, मुलाची वही, सगळे आले. शहरातील सर्वांत वरच्या पाच टक्क्यांचा खर्च माणशी २०,८२४ रुपये आहे. म्हणजे वरच्या एका माणसाच्या खर्चात खालची पंधरा माणसे बसतात. शिवाय पाहणी करणाऱ्याला बंगल्याच्या फाटकातून आत घेतले जाण्याची शक्यता झोपडीपेक्षा कमीच असते, हे वेगळे.

मग ३,७७३ रुपये खर्च करणारा सरासरीचा माणूस या रांगेत कुठे उभा आहे? मधोमध असेल असे कोणालाही वाटेल. तो मधोमध नाही. रांगेतील ५० ते ६० या गटाचा खर्च ३,४५५ रुपये आहे आणि ६० ते ७० या गटाचा ३,८८७. म्हणजे खेड्यातील शंभर माणसांपैकी साठांहून अधिक माणसे सरासरीच्या खाली उभी आहेत. सरासरीचा माणूस बऱ्यापैकी सुस्थितीत आहे. आपण बहुतेक जण ज्यांना ओळखतो ती माणसे त्याच्या मागे आहेत.

याच पाहणीत समाजगटांप्रमाणेही आकडे दिले आहेत. खेड्यात अनुसूचित जमातींचा माणशी खर्च ३,०१६ रुपये, अनुसूचित जातींचा ३,४७४, इतर मागासवर्गीयांचा ३,८४८ आणि उरलेल्यांचा ४,३९२. शहरात गेल्याने हे अंतर मिटते, असे आपण समजतो. शहरात उरलेल्यांचा खर्च ७,३३३ रुपये आहे आणि अनुसूचित जातींचा ५,३०७. खेड्यात ९१८ रुपयांची असलेली दरी शहरात २,०२६ रुपयांची झाली. शहरात गेलेला माणूस गावातल्यापेक्षा जास्त खर्च करतो हे खरे, पण त्याच्या शेजारच्या इमारतीतला माणूस त्याच्याही पुढे निघून गेलेला असतो.

श्रीमंत राज्यातली खुजी मुले

आपले राज्य श्रीमंत समजले जाते आणि राज्याची सरासरी पाहता ते आहेही. परंतु राज्याच्या आकड्यालाही पोटात जिल्हे असतात. बहुआयामी दारिद्र्याच्या २०१५-१६ च्या पाहणीवर आधारलेल्या पहिल्या अहवालात महाराष्ट्रात शंभरात १५ पेक्षा थोडी कमी माणसे वंचित होती. देशातले सर्वांत मागे असलेले राज्य बिहार, तिथे सुमारे ५२. आणि नंदुरबार जिल्ह्यात? तिथेही सुमारे ५२. सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याचा आदिवासी बांधव आर्थिक दृष्ट्या महाराष्ट्रात राहतच नव्हता, असे म्हणावे लागते. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्यात साक्षरता सुमारे ९० टक्के आणि नंदुरबारात ६४ टक्के होती. विदर्भ-मराठवाड्याच्या वाट्याला कमी पडलेल्या विकासाचा हिशेब दांडेकर समितीने १९८४ साली मांडला आणि 'अनुशेष' हा शब्द राजकारणात रूढ झाला. शब्द रूढ झाला की प्रश्न सुटला असे मानण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला एक आकडा तर आम्हाला झोप लागू देईना. वयाच्या मानाने उंची कमी राहिलेली, म्हणजे बाळपणापासून पुरेसे न मिळाल्याने खुरटलेली पाच वर्षांखालील मुले २०१९-२१ मध्ये देशात शंभरात ३५.५ होती. महाराष्ट्रात ३५.२. राज्याचा पैसा देशाच्या सरासरीपेक्षा इतका जास्त, आणि मुलांची उंची मात्र देशाइतकीच. पैसा राज्यात आला, पण तो त्या मुलांच्या घरापर्यंत गेला नाही. केरळात हे प्रमाण २३.४ आहे.

जमिनीचा तुकडा आणि माणसाचे काम

शेतीच्या बाबतीतही सरासरी फसवते. १९७०-७१ साली देशात सरासरी शेतीधारणा २.२८ हेक्टर होती, २०१५-१६ साली ती १.०८ हेक्टर झाली. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला होता. जमिनीचा आकार लहान की मोठा एवढ्यावरच शेती परवडणे अवलंबून नसते, तिच्यावर राबणारी माणसे आणि तिला मिळणारे भांडवल यांचा मेळ बसला पाहिजे, आणि शेतीवर साचलेली जादा माणसे उद्योगधंद्यांत गेल्याशिवाय हा मेळ बसणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शंभराहून अधिक वर्षांनंतरही खेड्यातून शहरात आलेल्या प्रत्येक कुटुंबाची कहाणी त्या निबंधाशी जुळते. फरक इतकाच की पुष्कळांना कारखान्याऐवजी बांधकामावरचा नाका मिळाला.

२०१५-१६ च्या कृषी गणनेत अनुसूचित जातींची सरासरी धारणा ०.७८ हेक्टर आहे, देशाच्या सरासरीपेक्षा बरीच कमी. अनुसूचित जमातींची मात्र १.४० हेक्टर, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा जास्त! नुसता हा आकडा पाहून कोणी म्हणेल की आदिवासी सुखी आहेत. डोंगरउतारावरची, पाण्याविना पडलेली, एका पावसावर नाचणी-वरईचे एक पीक देणारी जमीन आणि कालव्याखालचा ऊस यांची हेक्टरने तुलना होऊ शकत नाही. म्हणून आकडा मोडून पाहताना तो कशाचा आहे, हेही विचारावे लागते.

कामाची विभागणी अधिक बोलकी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील काम करणाऱ्या शंभर माणसांत ३० शेतमजूर होते. अनुसूचित जातींच्या काम करणाऱ्या शंभर माणसांत ४६. स्वतःची जमीन कसणारे देशात शंभरात सुमारे २५, अनुसूचित जातींत १५. दुसऱ्याच्या बांधावर जाण्याची वेळ कोणावर येते, हे अजूनही जन्माने बऱ्याच अंशी ठरते.

गरिबीला जात नसते, असे वाक्य आपल्या कानावर वारंवार पडते. कार्यालयात, रेल्वेच्या डब्यात, कधी आपल्या मित्रांकडूनही. यावर रागावण्यापेक्षा बिहारचा आकडा सांगावा. बिहार सरकारने २०२३ साली जातनिहाय पाहणी केली. महिना ६,००० रुपये किंवा त्याहून कमी उत्पन्नावर जगणारी कुटुंबे राज्यात शंभरात ३४ निघाली. खुल्या प्रवर्गात २५ आणि अनुसूचित जातींत ४३. उच्च मानल्या गेलेल्या जातींतही चारांतले एक कुटुंब दारिद्र्यात आहे. ते आपण नाकारता कामा नये, त्यांचे दुःखही दुःखच आहे. पण २५ आणि ४३ यांत जे अंतर आहे, ते जातीचे अंतर आहे. मोजले म्हणून दोन्ही गोष्टी कळल्या.

एक कोयता

स्त्रियांच्या कामाचा हिशेब तर बहुधा होतच नाही. मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत मजुरीचे एकक 'एक कोयता' असे असते. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. उचल कोयत्यावर दिली जाते, ती बहुतेक वेळा नवऱ्याच्या हाती. ऊस तोडताना, मोळ्या बांधताना आणि डोक्यावरून गाडीत चढवताना हात चार असतात. कागदावर नाव एक. घरी परतल्यावर तीन दगडांची चूल मांडणारे हात मात्र दोनच.

२०१९ साली केंद्र सरकारने लोक आपला दिवस कसा घालवतात याची पाहणी केली. विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २९९ मिनिटे घालवत होत्या. पुरुषांतले चौघांतले जेमतेम एक जण घरकामाला हात लावत होते आणि तेही ९७ मिनिटे. पाच तासांचे हे रोजचे काम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाही. अभ्यासवर्गात हे सांगितले तेव्हा मुली एकमेकींकडे पाहून हसल्या आणि मुले वहीत पाहू लागली. ज्या बीड जिल्ह्यातून एवढे कोयते बाहेर पडतात, तिथे २०११ साली सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या.

ज्यांना रकानाच नाही

आतापर्यंत सांगितलेले आकडे निदान उपलब्ध तरी आहेत. पण ज्यांना मोजणीच्या तक्त्यात रकानाच नसतो, त्यांचे काय? १९३१ नंतर देशात सर्व जातींची संपूर्ण मोजणी झालेली नाही. १९५१ पासून फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या गेल्या. मंडल आयोगाने इतर मागासवर्गीय ५२ टक्के आहेत असे म्हटले, ते १९३१ च्या आकड्यांवरून अंदाज बांधून. २०११ साली सामाजिक-आर्थिक पाहणीत जात विचारली गेली, पण जातींचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत.

आपल्या समाजाला रकान्याचा अनुभव सर्वांपेक्षा चांगला आहे. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध म्हणून नोंद झालेली माणसे अडीच हजारांच्या आसपास होती. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आलेल्या पहिल्याच जनगणनेत, १९६१ साली, ती २७ लाख ९० हजारांच्या आसपास झाली. आमच्या वस्तीतील एक आजी सांगत, की प्रगणकाने 'जात?' असे विचारताच त्यांच्या वडिलांनी 'ती नागपूरला ठेवून आलो' असे उत्तर दिले होते. त्या उत्तराची किंमतही होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असणे आवश्यक होते. १९५६ साली त्यात शीख धर्माची भर पडली. महाराष्ट्र राज्याने स्थापनेच्या वेळी, १९६० साली, नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० ची घटना-आदेश दुरुस्ती होईपर्यंत तीस वर्षे वाट पाहावी लागली. त्या तीस वर्षांत पुष्कळ घरांत दोन प्रकारचे कागद होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि ट्रंकेत हिंदू म्हणून काढलेला दाखला. त्या कागदांवरून त्या पिढीला कोणी नावे ठेवू नयेत. पोरांची फी त्यावर भरली गेली.

रकाना बदलला की आकडा कसा बदलतो पाहा. महाराष्ट्रात १९८१ साली अनुसूचित जातींचे प्रमाण ७.१४ टक्के होते, १९९१ साली ११.०९ टक्के झाले. दहा वर्षांत एवढी माणसे कुठून आली? ती इथेच होती. १९९० च्या दुरुस्तीने त्यांना पुन्हा मोजता आले.

२०११ मध्ये देशात बौद्ध ८४ लाख ४३ हजार होते, त्यांतले ६५ लाख ३१ हजार महाराष्ट्रात. बौद्धांची साक्षरता ८१.३ टक्के आणि देशाची ७३ टक्के, हे आकडे आपल्या व्यासपीठांवरून अभिमानाने सांगितले जातात. अभिमान योग्यच आहे, परंतु इथेही सरासरीने आपल्यालाच थोडे फसवले आहे. देशातील बहुतेक बौद्ध महाराष्ट्रात राहतात आणि शंभरांतले ४३ शहरांत राहतात. तेव्हा तुलना महाराष्ट्राशी केली पाहिजे. राज्याची साक्षरता ८२.३ टक्के होती आणि राज्यातील बौद्धांची ८३ च्या थोडी वर. आघाडी आठ टक्क्यांची नाही, जेमतेम एका टक्क्याची आहे. शून्याच्या जवळून निघून राज्याच्या सरासरीच्या पुढे जाणे ही लहान गोष्ट नव्हे. पण आठ हा आकडा घेऊन मिरवू नये.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला तिच्याकडे येतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींत नोंदलेले बौद्ध ५२ लाख ४ हजार होते. एकूण बौद्ध ६५ लाख ३१ हजार. म्हणजे तेरा लाखांहून अधिक बौद्धांची नोंद अनुसूचित जातीत झालेली नाही. यांत इतर समाजांतून आलेले बौद्धही असणार. पण ज्यांनी धर्माच्या रकान्यात बौद्ध सांगितले आणि जातीच्या रकान्यातही बौद्धच सांगितले, किंवा जात सांगायला नकार दिला, त्यांची संख्या यात मोठी असावी असे आमचे मत आहे. राज्याच्या यादीत ५९ अनुसूचित जाती आहेत. बौद्ध हे धर्माचे नाव असल्याने ते त्या यादीत नाही.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे ढकलली गेली. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पुढील जनगणनेत सर्व जातींची मोजणी करण्याचे ठरवले आणि तिच्यासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जाहीर झाला. यावर मंडळाच्या बैठकीत दोन मते पडली. काही सभासदांचे म्हणणे असे, की जात सोडण्यासाठीच धम्म घेतला, तर प्रगणकापुढे ती तोंडाने पुन्हा उच्चारायची कशासाठी? हे म्हणणारी मंडळी लाभासाठी हपापलेली नाहीत. त्यांतील दोघांनी आयुष्यात एकही सवलत घेतलेली नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की राखीव मतदारसंघ अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात, अनुसूचित जातींसाठीच्या योजनांचा पैसाही त्या प्रमाणात वेगळा काढायचा असतो, आणि तेरा लाख माणसे रकान्याबाहेर राहिली तर त्यांच्या वाट्याचे इतर कोणाच्या आकड्यात मिसळून जाते.

आम्ही दुसऱ्या मताचे आहोत. धर्म विचारला की बौद्ध, आणि अनुसूचित जात विचारली की यादीतील जातीचे नाव, अशी दोन प्रश्नांची दोन उत्तरे द्यावीत. पहिले उत्तर आपण काय आहोत हे सांगते, दुसरे आपल्याला काय भोगावे लागले ते सांगते. ज्यांना दुसरे उत्तर देववत नाही, त्यांच्यावर कोणी सक्ती करू नये. मात्र आपले उत्तर प्रगणकाने काय लिहिले, हे प्रत्येकाने पाहून घ्यावे. घाईत असलेला प्रगणक आडनावावरून रकाना भरून मोकळा होतो, असा २०११ चा आमच्या गल्लीतला अनुभव आहे.

राहिला विद्यार्थ्याचा नळ. त्याच्या प्रश्नावरून वर्गातील चौघे पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेले होते. शहराला रोज मिळणारे एकूण पाणी आणि शहराची लोकसंख्या यांचा भागाकार त्यांना तिथे दाखवण्यात आला. तो ठरवून दिलेल्या माणशी १३५ लिटरच्या जवळपास येत होता. साहेबांनी चहा दिला आणि विषय संपला. मुलांनी मात्र परत येऊन वही आखली. घर, माणसे, पाण्याचा दिवस, भरलेले हंडे, हंड्याचे माप, आणि पाणी भरणाऱ्याचे नाव असे सहा रकाने आहेत. शेवटचा रकाना वर्गातील मुलींच्या आग्रहावरून वाढवला. पहिल्या गल्लीची वही पुरी झाली असून ती मंडळाच्या वाचनालयात खिडकीजवळच्या कपाटात ठेवली आहे. दुसऱ्या गल्लीसाठी सकाळी पाचला उठू शकतील असे दोन विद्यार्थी हवे आहेत.